धामण : बरणींत कीं बांधावर ?

गेल्या भाद्रपदांत आमच्या नातवास परसांतील लांकडांच्या राशींत धामणीचें हातभर लांबीचें पिल्लूं सांपडलें. तें काचेच्या बरणींत घालून त्यानें जवळ दुधाची वाटी ठेविली. घरांतील मंडळी ‘मारून टाका’ म्हणूं लागली, मुलगा मात्र विचारी, “आजोबा, हिला खायला काय देऊं?” प्रश्न रास्त होता.

सर्प मांसाहारी, दूध हें त्याचें अन्न नव्हे. गारुडी त्यास दिवसेंदिवस तहानेला ठेवीत, म्हणूनच तो दुधास तोंड लावी. धामण गाईचें दूध चोखते हाही भ्रमच; सर्पास चोखतांच येत नाहीं. ती बिनविषारी असून उंदीर, बेडूक, सरडे, पांखरें खाते, आणि भक्ष्य अंगाखालीं दाबून बहुधा जिवंतच गिळते.

परदेशांत सर्प पाळतात, हें खरें. अमेरिकेंतील ‘कॉर्न स्नेक’ हा धामणीसारखाच उंदीरखाऊ सर्प. परंतु पाळावयाचा तो बहुधा बंदिवासांतच जन्मलेला असतो. त्याच्या पेटीची एक बाजू ऊबदार ठेवितात, कारण उबेवांचून त्याचें अन्न पचत नाहीं. गोठवून ठेविलेला मेलेला उंदीर कोमट करून पिल्लास आठवड्यानें, मोठ्यास दहा-पंधरा दिवसांनीं देतात. खाल्ल्यावर दोन दिवस त्यास हाताळीत नाहींत. नाहीं तर तो तें ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वीं डोळे धुरकट होतात, तेव्हां तो बहुधा अन्न घेत नाहीं. असें पंधरा-वीस वर्षें संभाळावें लागतें !

आपली धामण चपळ व भित्री. कोंडली असतां ती जाळीवर तोंड आपटून जखमी होते, पुष्कळदां अन्नही नाकारते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला अभय दिलें आहे. तिला पकडणें वा घरीं बाळगणें हा गुन्हा होय. आणि मारणें ? तोही गुन्हाच; वर कोठारांतील धान्याचा राखणदार आपणच गमावावयाचा.

हें सारें आम्हीं नातवास समजावून सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. सायंकाळीं त्यानें आपल्याच हातानें बरणी त्याच राशीपाशीं आडवी केली. क्षणभर थबकून पिल्लूं लांकडांत दिसेनासें झालें. मुलाचे डोळे भरून आले. पण घरांतील कोणीही काठी उचलली नाहीं.

आतां तो वाटी ठेवीत नाहीं. परसांत जातांना पाऊल मात्र जपून टाकतो.