काळीज एकच, अंगकाठी दोन

"मामा, तू ये. माका ठरवूक जमणा नाय," असा भाच्याचा आरोंद्याहून फोन आला आणि मी निघालो. त्याने दोन जुन्या गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एक 2018 ची केटीएम ड्यूक 390, दुसरी 2019 ची बजाज डॉमिनार 400. नवीचा विचार त्याने सोडला होता. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या मोटारसायकलींना 40 टक्के जीएसटी लागतो, आणि आंबा-काजूच्या उत्पन्नात तो बसत नाही.

आरोंदा तेरेखोल नदीच्या काठावर आहे. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका. पेट्रोल तिकडे स्वस्त, म्हणून टाकी भरायला इथली माणसं पूल ओलांडतात. थंडीत पुण्या-मुंबईहून वागातोरच्या मेळाव्यांना निघालेले रायडर आंबोली घाट उतरून येतात, तेव्हा इथली पोरं रस्त्याकडेला उभी राहून गाड्या ओळखतात. भाचा त्यांच्यातलाच.

दोन्ही गाड्या एका गावच्या, पुण्याजवळच्या चाकणच्या. बजाजने 2007 मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, 2013 मध्ये ड्यूक 390 भारतात आली आणि 2016 च्या डिसेंबरात डॉमिनार. इतिहास एवढा पुरे. मला खिळवून ठेवलं ते इंजिनाने.

दोघींच्या सिलिंडरचा व्यास 89 मिलीमीटर, पिस्टनची धाव 60 मिलीमीटर. त्यावरून घनफळ काढलं तर 373 सीसी. रुंद तोंडाचं, आखूड धावेचं हे इंजिन भराभर फिरायलाच जन्मलेलं. ड्यूकमध्ये ते मिनिटाला 9000 फेऱ्यांना 43.5 पीएस देतं. डॉमिनारला सुरुवातीला एकच कॅमशाफ्ट आणि तीन स्पार्क प्लग देऊन 35 पीएसवर शांत केलं होतं. 2019 मध्ये तिलाही दोन कॅमशाफ्ट मिळाले आणि ताकद 40 पीएसवर गेली. फरक उरला जेमतेम साडेतीन पीएसचा. मग दोन गाड्या इतक्या वेगळ्या का वागतात?

उत्तर सांगाड्यात आहे. ड्यूक 163 किलोची, डॉमिनार 184.5 किलोची. तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं जवळजवळ पूर्ण भरेल एवढा हा फरक. डॉमिनारच्या दोन चाकांमधलं अंतर 1453 मिलीमीटर, ड्यूकचं 1357. म्हणजे चार-पाच बोटं कमी. एवढ्याशा बोटांनी ड्यूक वळणात नुसत्या नजरेने वळते. शिरोड्याकडे जाताना मला ते जाणवलं आणि मी मनापासून हरखलो. डॉमिनारला वळवायला खांदा लावावा लागतो, पण हायवेवर तीच गाडी सरळ रेघ धरते, अंग शिणत नाही. नवल म्हणजे लांब पल्ल्याच्या या गाडीची टाकी 13 लिटरची आणि ड्यूकची 13.4 ची.

गावातले मिस्त्री हे सगळं ऐकत एका स्कूटरचा कार्ब्युरेटर पुसत होते. भाच्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "इंजिनाचा माका इचारू नको. दोघांचा काळीज एकच. पाठीमागे कोण बसतला, ता आधी सांग."

"आये. बाजाराच्या दिवशी."

मिस्त्रींनी ड्यूकच्या मागच्या सीटवर पंजा ठेवला. सीट उंच आणि आखूड. मग डॉमिनारच्या रुंद सीटवर ठेवला, मागच्या दांडीला धरून हलवून बघितलं. बोलले काहीच नाहीत. ताकदीचे आकडे पाठ असलेला भाचा मान खाली घालून उभा राहिला. पुढे मिस्त्रींनी दोन्ही गाड्यांच्या चेनी हातात घेतल्या आणि खरी चिंता तिथे सुरू झाली.

या चेनींच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात. त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात, म्हणून पिनीपर्यंत खारी हवा पोचत नाही. बाहेरच्या पट्ट्यांना मात्र कोणी वाली नाही. इथून शिरोड्याची मिठागरं जवळ. ज्या हवेत मीठ पिकतं त्याच हवेत चेन रात्रभर उघडी. "हयची हवा लोखंड खाता," मिस्त्री म्हणाले. त्यात घराच्या वाटेवरची जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की तिची कानस होते आणि स्प्रॉकेटचे दात झिजतात. तारेच्या ब्रशाने घासलं तर रिंगा फाटतात. रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं आणि नव्वद नंबरचं तेल, एवढंच चालतं. पावसाळ्यात हे दर आठवड्याला. ब्रेकच्या पिना अडकतात, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर चढतो. पार्ट मागवला तर येईपर्यंत गाडी पडवीत.

वजनाचा हिशोब इथे उलटा फिरतो. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या उतारावरून डॉमिनार मागे ओढायची म्हणजे बावीस किलो जास्तीचे. पाय घसरला तर भाच्याला एकट्याला ती उचलवेल का, ही धास्ती मला अजून आहे. ड्यूकची सीट 830 मिलीमीटर उंच, डॉमिनारची 800; पाय टेकायच्या बाबतीत जड गाडीच बरी. तरीही, एकटा असतो तर मी ड्यूकच घेतली असती.

संध्याकाळी ताई डॉमिनारवर बसून पुलापर्यंत जाऊन आली. उतरताना म्हणाली, "ह्येच्यार पाय ठेवूक गावले." भाच्याने गाडी स्टँडवर लावली, मागचं चाक हाताने फिरवत चेन ऐकली आणि मिस्त्रींकडे मऊ ब्रश मागितला.