तीन दिवस कार्टमध्येच राहू द्या

बाळासाठीची ऑनलाइन खरेदी आवरायची असेल, तर आधी बाळाच्या वाढीचा वेग लक्षात घ्यावा. साधारण पाच महिन्यांत जन्माच्या वेळचं वजन दुप्पट होतं, वर्षभरात जवळपास तिप्पट. आज हौसेने घेतलेलं झबलं दोन-तीन महिन्यांत काखेत काचू लागतं. शिवाय रात्री दोनला, बाळ मांडीवर आणि मोबाइल हातात असताना गरजेपेक्षा काळजीच जास्त खरेदी करते. जाहिरातीही नेमक्या तिलाच हात घालतात. जाहिरातीचा हा जोर ओळखूनच भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आणली.

'बाळाच्या सुरक्षिततेत काटकसर कशाला?' हा आक्षेप रास्त आहे. कारसीट चांगलीच घ्यावी. पण जास्त वस्तू म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. पाळण्यातल्या मऊ उशांनी श्वास कोंडू शकतो. चाकांच्या वॉकरवर कॅनडाने २००४ मध्येच बंदी घातली. 'घरात मदतीला कोणी नाही, ऑनलाइनच सोयीचं पडतं' हेही खरं. डायपर जरूर मागवा. बाकीचं तीन दिवस कार्टमध्ये ठेवा, तोवर नात्यात विचारा. जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं दुपटं बाळाला आजही पुरतं.