टाकीत ओतलेलं जीवामृत

मातीविना शेती करणाऱ्यांच्या टाकीत हल्ली बरंच काही पडतं: व्हर्मीवॉश, जीवामृत, काकवी, ह्युमिक ॲसिड, समुद्री शेवाळाचा अर्क, ट्रायकोडर्माची भुकटी. त्यामागचा समज सरळ आहे. शेतात ज्यानं पीक सुधारतं ते पाण्यात घातलं तर आणखी लवकर सुधारेल, कारण तिथे मुळं थेट भिजलेली असतात. हा समज अनेकदा अंगाशी येतो, आणि त्यात त्या पदार्थांचा दोष नसतो. यातले बरेचसे पदार्थ शेतातही झाडाचं अन्न नसतात. ते मातीतल्या सूक्ष्मजीवांचं अन्न असतात. जिवाणूंनी ते पचवलं की उरलेले क्षार झाडाच्या वाट्याला येतात. टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, आणि ते वाढले तर मुळांच्याच ऑक्सिजनवर हात मारतात. म्हणून कोणतीही बाटली घेताना पहिला प्रश्न हा, की आतला पदार्थ आहे त्या रूपात मुळाच्या उपयोगाचा आहे, की तो आधी कुणीतरी कुजवायला हवा?

झाड खनिज क्षारांवर जगतं, हे १८४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लीबिखनं आग्रहानं मांडलं आणि १८६० च्या सुमारास साक्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवून दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतलं द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरलं जातं. त्यात लिटरला साधारण २१० मिलिग्रॅम नत्र असतं, बहुतेक नायट्रेटच्या रूपात. हा नायट्रेट कॅल्शियम नायट्रेटच्या पोत्यातून आला की शेणातून, हे मुळाला कळायला मार्ग नाही. दोन्हीकडचा आयन एकच. तेव्हा ‘क्षार म्हणजे रसायन आणि शेण म्हणजे निसर्ग’ ही विभागणी निदान मुळापाशी तरी टिकत नाही. मुळं अमिनो आम्लंही शोषतात, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खरा आहे, पण नायट्रेट मुबलक असलेल्या द्रावणात त्या वाटेनं येणाऱ्या नत्राचा वाटा किरकोळ राहतो.

आता जीवामृत. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी लोकप्रिय केलेल्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. म्हणजे लिटरला १० ग्रॅम गूळ. असं एक लिटर जीवामृत १०० लिटरच्या टाकीत ओतलं, तर नुसत्या गुळाचेच लिटरला १०० मिलिग्रॅम पडतात. एक ग्रॅम साखर जिवाणूंनी पूर्ण जाळायची तर एक ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, आणि ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळून राहतो. मागणी शंभरच्या घरात, शिल्लक साडेसात! दोन दिवस आंबवल्यावर थोडी साखर संपते हे खरं, पण तिची झालेली आम्लंही पुढे ऑक्सिजन मागतात, शिवाय शेण आणि बेसन आहेच. एअर पंप आहे ना, असं कुणी म्हणेल. पंप भर घालत राहतो, मात्र पाणी त्या तापमानाला धरू शकतं त्याहून जास्त ऑक्सिजन त्यात साठवू शकत नाही. खप भरीच्या पुढे गेला की मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊ लागतात, आणि कोमट, गुदमरलेल्या पाण्यात पिथियमसारख्या मूळकुजीला रान मोकळं मिळतं. काकवीनं झाडाला ‘ताकद’ मिळते ही समजूतही इथेच मोडते. झाड आपली साखर पानांत बनवतं, टाकीतल्या साखरेवर जिवाणू पोसले जातात. आणि कच्च्याच खाल्ल्या जाणाऱ्या लेट्यूसच्या पाण्यात शेण घालणं हा आरोग्याचाही प्रश्न आहे, कारण शेणातले रोगजंतू कमी व्हायला जो काळ लागतो तो या महिना-दीड महिन्याच्या पिकाला मिळत नाही.

इथे मीटरही दिशाभूल करतो. ईसी मीटर पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातले आयन मोजतो. प्रथिनांत किंवा युरियात बांधलेलं नत्र त्याला दिसत नाही. म्हणून सेंद्रिय द्रव घातल्यावर आकडा जेमतेम हलतो आणि माणूस आणखी घालतो. काही दिवसांनी जिवाणू कामाला लागले की अमोनिया सुटतो, पीएच आधी चढतो, पुढे नायट्रेट बनू लागल्यावर घसरतो. गोमूत्रातल्या मिठानं याच्या उलटही होतं: आकडा वाढतो, पण त्यातला बराचसा झाडाच्या फारसा कामाचा नसतो.

मग सेंद्रिय हायड्रोपोनिक्स अशक्यच का? तसं नाही. जपानमध्ये शिनोहारा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात माशांपासून बनवलेल्या खतातलं नत्र पाण्यातच नायट्रेटमध्ये बदलून त्यावर भाज्या घेतल्या. पण त्यांनी आधी पाण्यात सूक्ष्मजीवांची वस्ती बसवली, भरपूर हवा दिली आणि खत थोडं थोडं घातलं. माशांच्या पाण्यावर चालणाऱ्या ॲक्वापोनिक्समध्येही जिवाणूंसाठी वेगळा फिल्टर असतो आणि तो रुळायला काही आठवडे जातात. यातून पुरावा मिळतो तो सेंद्रिय द्रवांच्या बाजूनं जेवढा, तेवढाच त्यांना लागणाऱ्या व्यवस्थेच्या बाजूनं. ती व्यवस्था नसलेल्या एनएफटीच्या, म्हणजे मुळांखालून पाण्याचा पातळ थर वाहवणाऱ्या पाइपात बाटली रिकामी केल्यानं यातलं काहीच घडत नाही.

ह्युमिक आणि फुल्विक आम्लं, शेवाळाचे अर्क यांची गोष्ट वेगळी. ते कुजण्याची वाट न बघता काम करतात. ह्युमिक पदार्थ लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून विरघळलेली ठेवतात, आणि अल्प मात्रेत मुळांची वाढ चांगली झाल्याचे प्रयोग बरेच आहेत. मात्र ज्याच्या द्रावणात आधीच चिलेटेड लोह आहे आणि पीएच साडेसहाच्या आत आहे, त्याला लोहापुरता फायदा थोडाच दिसेल. दख्खनमधल्या बोअरच्या जड पाण्यात तर कॅल्शियमला चिकटून ह्युमेटचा गाळ बसतो आणि ड्रिपर तुंबतात. फुल्विक तुलनेनं निभावून नेतं. शेवाळाच्या अर्काला खत समजणं ही आणखी एक चूक. बाटलीत १ टक्का नत्र धरलं आणि लिटरला २ मिलिलिटर घातलं, तर मिळतात २० मिलिग्रॅम, होगलंडच्या द्रावणातल्या नत्राचा जेमतेम दहावा हिस्सा. त्याचं मोल असलंच तर त्यातल्या संप्रेरकसदृश घटकांत आहे, आणि तिथे जास्त मात्रा म्हणजे जास्त फायदा असं गणित चालत नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये असे पदार्थ खत नियंत्रण आदेशात आणले ते बायोस्टिम्युलंट या वेगळ्या वर्गात. लेबल वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

सूक्ष्मजीवांच्या पुड्यांबद्दल थोडक्यात. मायकोरायझा बुरशी झाडाला फॉस्फरस मिळवून देते, पण होगलंडच्या द्रावणात तो लिटरला ३१ मिलिग्रॅम असतो. इतका आयता मिळत असताना झाड तिला फारसा थारा देत नाही. पालक आणि कोबीवर्गातली पिकं तर सहसा ही मैत्री करतच नाहीत, म्हणजे केल किंवा पाकचोईच्या टाकीत मायकोरायझा घालणं हा निव्वळ खर्च. ट्रायकोडर्मा आणि बॅसिलसचा मूळकुजीविरुद्ध उपयोग होऊ शकतो, फक्त त्याच आठवड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये. ते मित्र-शत्रू ओळखत नाही.

राहिला ‘सेंद्रिय’ शिक्क्याचा मोह. सेंद्रिय पुरवण्या वापरल्या की माल सेंद्रिय म्हणून विकता येतो, असं अनेकांना वाटतं. पण युरोपीय संघाच्या २०१८/८४८ या नियमात पीक जिवंत मातीत वाढलेलं असण्याची अट आहे, मोजके अपवाद सोडून. अमेरिकेत २०१७ मध्ये सेंद्रिय मानकांच्या सल्लागार मंडळानं हायड्रोपोनिक्सवर बंदी घालण्याचा प्रस्ताव ८ विरुद्ध ७ मतांनी फेटाळला, आणि वाद तिथेही मिटलेला नाही.

ज्याला एखाद्या पुरवणीची खरी परीक्षा घ्यायची असेल त्यानं एकाच दिवशी, एकाच वाणाची रोपं काही बादल्यांत लावावीत, निम्म्यांत पुरवणी घालावी आणि दोन्हीकडे ईसी व पीएच सारखा राखावा. शेवाळाचे बरेच अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं काढलेले असतात. ते जादा पोटॅश दुसऱ्या बादल्यांत भरून काढलं नाही, तर दिसलेला फरक शेवाळाचा की पोटॅशचा हे सांगता येणार नाही.