मासळीआधी बातमी पोचते!

हजरतगंजच्या ताटातल्या कोळंबीचा भाव नेमका ठरतो कुठे? मासळीच्या जागतिक व्यापारावर नजर ठेवणाऱ्या पत्रकारितेची ही ओळख.

लखनौच्या जुन्या दरवाजांवर माशांची जोडी कोरलेली दिसते. अवधच्या नवाबांचे ते मानचिन्ह. उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेतही दोन मासे आहेत. समुद्र मात्र इथून शेकडो मैल दूर! तरीही संध्याकाळी हजरतगंजमध्ये ‘गंजिंग’ करायला, म्हणजे नुसते भटकायला निघालेले कुटुंब एखाद्या हॉटेलात शिरते, तेव्हा कबाबांच्या जोडीला प्रॉन्सही मागवता येतात. ही कोळंबी बहुधा आंध्र प्रदेशातल्या तळ्यात वाढलेली असते. तिचा भाव कोणी ठरवला? हॉटेलवाल्याने? की ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याने?

दोघांनीही नाही. तळ्यातली बरीचशी कोळंबी परदेशी जाते, त्यामुळे तिचा भाव परदेशातल्या मागणीकडे पाहून हलतो. आणि ती मागणी कळते बातम्यांतून!

अंड्या-लोण्यापासून कोळंबीपर्यंत

१८५८ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन अर्नर नावाच्या मुद्रकाने बाजारभावांचे एक पत्रक सुरू केले. त्यातूनच पुढे ‘अर्नर बॅरी’ ही संस्था उभी राहिली. अंडी, लोणी, कोंबड्या हे तिचे मूळ विषय. मासळी नंतर आली. तिचे वार्ताहर आयातदारांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना सौद्यांचे भाव विचारतात आणि त्यावरून दर प्रसिद्ध करतात. अमेरिकेतल्या कोळंबीच्या व्यवहारांत हे दर प्रमाण मानले जातात. अलीकडे ही संस्था ‘एक्स्पाना’ या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारने १९७२ मध्ये कोचीला प्राधिकरण स्थापन केले; त्याचे वार्तापत्र निघते. विशाखापट्टणमहून १९८१ मध्ये ‘फिशिंग चाइम्स’ हे मासिक सुरू झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने क्वालालंपूरला ‘इन्फोफिश’ ही माहितीसेवा उभी केली.

या पानांची भाषाच वेगळी. तिथे कोळंबी चवीने नव्हे, ‘काउंट’ने ओळखली जाते. आपल्याकडे तळ्याकाठी ‘तीस काउंट’ म्हणजे किलोला तीस नग. आकडा जितका लहान, तितकी कोळंबी मोठी आणि भाव चढा. अमेरिकेत हीच मोजणी पौंडावर होते.

एका बातमीचा फटका

ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपने भारतीय मासळीवर बंदी घातली. कारण होते प्रक्रिया कारखान्यांतली अस्वच्छता. मग पाणी, बर्फ, फरशी, कामगारांचे हात, सगळ्याचीच तपासणी सुरू झाली. जे कारखाने कसोटीला उतरले, त्यांनाच क्रमाक्रमाने परवानगी मिळाली. मुंबईच्या ससून डॉकसारख्या ठिकाणी उकिडवे बसून कोळंबी सोलणाऱ्या बाईने ब्रुसेल्सचे नाव ऐकलेही नसेल. पण जितकी कोळंबी सोलली तितकी मजुरी असा हिशेब असला की तिकडचा निर्णय थेट तिच्या चुलीपर्यंत येतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये तेच झाले. अमेरिकेने वाढीव आयातशुल्क जाहीर करताच आंध्रमध्ये तळ्याकाठचे भाव कोसळले. पूर्ण शुल्क लागू होण्याआधीच! मुख्यमंत्र्यांना केंद्राकडे धाव घ्यावी लागली. २७ ऑगस्टपासून हे शुल्क ५० टक्क्यांवर गेले. २०२३-२४ मध्ये भारताने ६०,५२३ कोटी रुपयांची मासळी निर्यात केली होती. त्यातली गोठवलेली कोळंबी एकटीच ४०,०१३ कोटींची आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. एवढी भिस्त एकाच दारावर असली की दाराची नुसती कडी वाजली तरी घर हादरते.

बातमी कोणाच्या हाती?

खरा प्रश्न इथेच आहे. ही व्यापारपत्रे बहुतांशी इंग्रजीत, वर्गणीही जबर. ती वाचतो निर्यातदार. तळ्याकाठच्या शेतकऱ्याला भाव कळतो तो खरेदीदाराच्या तोंडून, म्हणजे ज्याला माल स्वस्त हवा त्याच्याकडूनच!

माहिती मिळाली तर काय होते, हे केरळच्या मच्छीमारांनी दाखवून दिले आहे. १९९७ नंतर तिथे किनाऱ्यावर मोबाइल आला. भरसमुद्रातूनच ते वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकून देणे थांबले. कोणाचेच नुकसान झाले नाही.

आणि पत्रकाराने भावापलीकडे पाहिले तर? २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या चार महिला पत्रकारांनी इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर गुलामासारखे राबवले जाणारे मच्छीमार शोधून काढले. त्यांनी पकडलेली मासळी कोणत्या जहाजातून थायलंडला जाते आणि पुढे अमेरिकेच्या दुकानांत कशी पोचते, याचा माग काढला. दोन हजारांहून अधिक माणसे सुटली. या कामाला २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

बाजारात आपण कोळणीला विचारतो, ‘‘आज एवढी महाग का गं?’’ ‘‘आवकच नाय, ताई,’’ ती सांगते. ती खोटे बोलत नाही. पण तिलाही अर्धेच ठाऊक असते. उरलेले अर्धे कुठेतरी छापून आलेले असते. ते तिच्या भाषेत, तिच्या हाती वेळेवर पडले, तर पाटीतल्या मासळीचा भाव तिलाही थोडा ठरवता येईल.