व्यावसायिक अब्रूनुकसानी : अर्थनिर्णय आणि भरपाई

प्रतिस्पर्धी व्यावसायिकांमधील अब्रूनुकसानीचे दावे वरकरणी पैशाचे असतात. परंतु भरपाईचा विचार करण्यापूर्वी न्यायालयाला एका संहितेचा अर्थ निश्चित करावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाने या दाव्यांकडे वळावे ते यासाठीच.

नॉर्विच युनियन या ब्रिटिश विमा कंपनीच्या अंतर्गत ई-मेलमधून वेस्टर्न प्रॉव्हिडंट असोसिएशन ही आरोग्यविम्यातील प्रतिस्पर्धी संस्था आर्थिक अडचणीत असून तिची चौकशी चालू आहे, अशा अफवा फिरल्या. मजकूर कोठेही छापला गेला नव्हता. तथापि ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याखेरीज अन्य एकाही व्यक्तीपर्यंत मजकूर पोहोचला, की कायद्याच्या दृष्टीने तो ‘प्रसिद्ध’ होतो. १९९७ मध्ये नॉर्विच युनियनने क्षमायाचना करून भरपाई व खर्चापोटी ४,५०,००० पौंड देण्याचे मान्य केले आणि दावा तडजोडीने मिटला. त्यामुळे अर्थनिर्णयाचा प्रश्न न्यायालयापुढे तडीस गेला नाही.

तो प्रश्न ‘लुईस विरुद्ध डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्रीय खटल्यात पूर्वीच चर्चिला गेला होता. ‘कंपनीची चौकशी चालू आहे’ या वाक्यातून ‘कंपनी दोषी आहे’ असा अर्थ निघतो काय? सामान्य वाचक ओळींमधले वाचतो, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६३ मध्ये मान्य केले. परंतु चौकशी म्हणजे दोषसिद्धी, असे तो मानत नाही, असाही निर्णय दिला. ज्यूरीने दिलेल्या मोठ्या रकमा त्यामुळे टिकल्या नाहीत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर न्यायालयाने व्यंजना स्वीकारली, पण तिला मर्यादा घातली. काव्यशास्त्राचा वाचक सहृदय असतो. कायद्याचा वाचक केवळ समंजस असतो.

भारतात ‘रेकिट अँड कोलमन विरुद्ध एम. पी. रामचंद्रन’ या १९९९ च्या निर्णयात कलकत्ता उच्च न्यायालयाने अतिशयोक्तीचीही सीमा आखली. आपला माल जगात सर्वोत्कृष्ट आहे, असे व्यापाऱ्याने म्हणावे, ते असत्य असले तरी चालेल. मात्र प्रतिस्पर्ध्याचा माल वाईट आहे असे म्हणता येणार नाही. आत्मस्तुती क्षम्य, परनिंदा दंडनीय.

कंपनीला मन नसते. तिची इजा प्रतिष्ठेत आणि व्यवहारातच मोजावी लागते. म्हणूनच इंग्लंड व वेल्समधील २०१३ च्या कायद्याने नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेवर गंभीर आर्थिक हानी दाखविण्याची अट घातली. न्यायालयाने व्यंजनेला अमर्याद वाव दिला, तर रास्त टीकाही मुकी होईल. तिला नाकारले, तर एका सूचक वाक्याने उभा धंदा बुडू शकेल. भरपाईचा न्याय या दोहोंमधील वाचनावर अवलंबून आहे.