ओले केस, घट्ट क्लचर आणि सकाळची लोकल

बोरिवली, मुलुंडहून सकाळची लोकल गाठणाऱ्या अनेकजणी न्हाऊन ओले केस तसेच क्लचरमध्ये अडकवून निघतात. केस तुटायला सुरुवात होते ती इथेच. पाण्याने केसांतल्या केराटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध सुटतात, त्यामुळे ओला केस जास्त ताणला जातो आणि थोड्या ओढीनेही तुटतो. त्यात टॉवेलने खसाखसा पुसणे, बारीक दातांचा कंगवा आणि रोज त्याच जागी आवळलेला रबर.

केस गळतोय की तुटतोय, हे आधी ओळखा. गळलेल्या केसाच्या मुळाशी पांढरी गाठ दिसते, तुटलेल्याला ती नसते. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे.

केस जपायला आजी लावायची त्या खोबरेल तेलाला मुंबईतूनच पुरावा मिळाला. मॅरिको कंपनीच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांत फक्त खोबरेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज ठळकपणे कमी झाली. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेल न्हाण्याआधी लावणे महत्त्वाचे.

केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणून तो तुटू न देणेच बरे. सकाळी सुकवायला वेळ नसेल तर आदल्या संध्याकाळी न्हा, आणि सकाळी सैल वेणी घाला.