साप दूध पीत नाही, मग खातो काय?

साप पूर्णपणे मांसाहारी आहे. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, कन्हेरीसारख्या गावात धामण उसाच्या सरीतून फिरते ती उंदरांमागे, आणि गोठ्यात शिरते तीही त्यांच्याचमागे, कारण पेंडीच्या पोत्यांत आणि कडब्याच्या गंजीत उंदरांची वस्ती असते. तरीही गाय अचानक कमी दूध देऊ लागली की धामणीने पायांना विळखा घालून कास रिकामी केली, असे खात्रीने सांगितले जाते. सापाला ओठच नसतात. सडाभोवती तोंड घट्ट बसवून दूध ओढणे त्याला शक्य नाही. त्याचे अणकुचीदार दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ते सडात रुतले तर कोणतीही गाय शांत उभी राहणार नाही. दूध घटण्यामागे बहुधा दगडी म्हणजे कासदाह किंवा चाऱ्यातला बदल असतो. ते पशुवैद्याचे काम आहे. धामण मारली की वाढतात ते फक्त उंदीर.

नागपंचमीला वाटीतले दूध पिणारा नाग अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून हा समज अधिक चिवट. पण गारुडी सणापूर्वी नागाला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतात. इतका तहानलेला साप समोर येईल ते द्रव पितो. दूध पचवण्याची व्यवस्था त्याच्या आतड्यात नाही, आणि बळजबरीने पाजलेले दूध फुप्फुसात गेले तर तो दगावतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी यासाठीच चर्चेत राहिली. जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणूक यांवर मुंबई उच्च न्यायालयाने निर्बंध घातले.

दुसरा बळी मांडुळाचा. ‘दुतोंड्या’ म्हणून ओळखला जाणारा हा बिनविषारी साप गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, अशा थापांवर लाखोंचे व्यवहार होतात आणि तो डब्यात किंवा माठात लपवून ठेवला जातो. तो माती खाऊन जगतो, अशी समजूत असल्याने सोबत मूठभर माती टाकली की पाळणाऱ्याचे कर्तव्य संपते. प्रत्यक्षात मांडूळ भुसभुशीत मातीत दबा धरून बसते आणि उंदीर, सरडे विळख्यात आवळून गिळते. डब्यात ते उपाशीच राहते.

समोर उंदीर टाकला की कोणताही साप खातो, हेही खरे नाही. दिवड मासे आणि बेडूक पकडते, कवड्या भिंतीवरच्या पाली शोधतो, मण्यार अनेकदा दुसरे साप गिळते, तर गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीच्या अंडी-अळ्यांवर जगतो. २००३ साली वर्ध्यात अनेक दशकांनंतर पुन्हा सापडलेला अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांवर गुजराण करतो. ही आवड शिकवून येत नाही. अमेरिकी संशोधक गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६७ मध्ये, कधीच काही न खाल्लेल्या गार्टर सापांच्या पिल्लांपुढे वेगवेगळ्या भक्ष्यांच्या अर्कात बुडवलेले बोळे धरले. पिल्लांनी प्रामुख्याने आपापल्या जातीच्या नेहमीच्या भक्ष्याचा वास असलेल्या बोळ्यांवर झडप घातली. जिभेने टिपलेले वासाचे कण टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे जातात आणि ‘हे खाद्य आहे’ याचा निर्णय तिथून सुरू होतो. म्हणून ‘हट्टी’ म्हणून बदनाम झालेल्या पाळीव सापाला अनेकदा फक्त अनोळखी वास नकोसा असतो.

उपवास म्हणजे आजार, हा समजही तपासून घ्यावा. सापाला शरीर उबदार ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे एक मोठे भक्ष्य बरेच दिवस पुरते. थंडीत पचन मंदावते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात आणि खाणे थांबते. गाभण मादीही अनेकदा खात नाही. परदेशांत पाळला जाणारा बॉल पायथन काही महिने अन्नाकडे पाहत नाही आणि तरी ठणठणीत असतो. वजन झपाट्याने घटले, तोंडातून लाळ गळू लागली किंवा गिळलेले बाहेर पडले, तर मात्र वाट पाहू नये. तोंडात घास कोंबण्याने अन्ननलिका फाटू शकते. आणखी एक किरकोळ गैरसमज म्हणजे मोठे भक्ष्य गिळताना सापाचा जबडा निखळतो. तो निखळत नाही. खालच्या जबड्याचे दोन भाग ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधाने जोडलेले असतात, म्हणून ते एकमेकांपासून दूर जातात.

नाग, धामण, मांडूळ यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. ते घरी पाळणे, मग त्यांना काहीही खाऊ घाला, गुन्हाच ठरतो. घरात किंवा विहिरीत साप आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.